दुकानाच्या पेजवरच्या चुका

१२ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझा खोकला गेला का? जेवण वेळेवर करतेस की ऑफिसात बिस्किटांवर भागवतेस?

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. अगं, फोन असतो दुकानाच्या गल्ल्यावर. शेजारी तुझा बाबा पेपरात तोंड घालून, पण कान टवकारून बसलेला. पलीकडे मशीनवर आपल्या शिवणकामाच्या मावशी. मी 'हॅलो' म्हटलं की मावशींची शिलाई थांबते. त्यात मी काय बोलणार, कप्पाळ! म्हणून हे पत्र.

तू जाताना बजावून गेलीस, "आतू, दुकानाचं पेज रिकामं ठेवायचं नाही. एक दिवसाआड काहीतरी टाकायचंच." आता तूच सांग, आपलं दुकान गाद्या-उशांचं, उशीवर सारखं काय लिहायचं? उशी ती उशी. पहिल्या दिवशी मी उशीचा फोटो टाकला. मग दोन उशांचा टाकला. मग उशांची चळत लावून टाकली, तर तुझा बाबा म्हणाला, "हे काय, गोदामाची तपासणी चाललीय का?" लाइक आले ते तुझा, माझा आणि मावशींचा. मावशींचा तर चुकून बोट लागून आलेला.

मग तू फोनवर म्हणालीस ना, लोकांना उशी नको असते, झोप हवी असते, गिऱ्हाइकांशी बोल म्हणजे विषय सापडतील. बोलायला मला कधी शिकवावं लागलंय का! आता जो येईल त्याला मी विचारते, "झोप कशी लागते?" काही जण बिचकतात. पण बरेच जण स्टुलावर बसकण मारतात आणि सांगत सुटतात. परवा एक जोडपं आलं. तिला गादी कडक हवी, त्याला मऊ. दुकानातच जुंपली त्यांची. शेवटी मी म्हटलं, अर्धी कडक भरते, अर्धी मऊ भरते, भांडण मधल्या शिवणीवर मिटवा. दोघंही हसली. मावशींनी मधली शिवण दुहेरी टाक्याने घातली, न जाणो, ओढाताण झाली तर! हे सगळं मी पेजवर लिहिलं. ठमे, लोकांना आवडलं गं! हसऱ्या तोंडांची रांग लागली.

आणि त्या रांगेच्या खाली एका माणसाने काय लिहावं? "'ऊशी' नव्हे, 'उशी'. तसेच 'नविन' नव्हे, 'नवीन'." बस. बरं लिहिलंय नाही, वाईट लिहिलंय नाही. नावाच्या जागी छत्रीचं चित्र. माझी हयात उशा विकण्यात गेली आणि हा मला उशी शिकवतोय! मेल्याला दुसरा उद्योग नसणार.

असो. विषय सुचव. मावशी म्हणतात मांजराचा फोटो टाका, पण मांजर गादीवर बसलेलं दाखवलं तर गादी कोण घेईल?

तुझी,
आतू


६ मे

प्रिय ठमे,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझा फोन झाल्यावर लगेच लिहायला बसले आहे, कारण फोनवर मी नुसतं "हो, हो" करत होते.

तुझी तक्रार पोचली. पेजवर चुका फार वाढल्यात, धंद्याला बरं दिसत नाही, हे मान्य. दुकानात उजेड कमी आहे. चष्म्याचा नंबरही बदलला असावा. बघते.

त्या छत्रीवाल्याचं मात्र ऐक. दर पोस्टखाली त्याची दुरुस्ती ठरलेली. कापसाचा 'पू', विश्रांतीचा 'वि', काही म्हणून सोडत नाही. शेवटी मी चिडून त्यालाच उलट विचारलं, "एवढे शहाणे आहात तर सांगा, उशीचं अनेकवचन काय? उशा की उश्या?" दिवसभर उत्तर नाही. मी मावशींना म्हटलं, जिरली!

दुसऱ्या दिवशी दुकानात एक उंच, वाळके गृहस्थ आले. चष्मा कपाळावर, हातात छत्री. दारातच उभं राहून म्हणाले, "दोन कोश पाहिले. दोन्ही रूपं लिहिली जातात. पण तुमच्या पाटीवर 'उशा' आहे, ती तुमच्या वडिलांनी रंगवलेली दिसते. तेच राहू द्या." मी म्हटलं, "हे तिथेच लिहायचं ना!" तर म्हणाले, "नक्की माहीत नसलेलं चारचौघांत लिहू नये."

छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचा जन्म गेला. वाकून वाकून पाठ धरलीय. मग खुर्चीसाठी एक लोड करून दिला. पुन्हा आले, म्हणाले लोड फार मऊ झालाय. पुन्हा भरला. आता म्हणतात किंचित कडक झालाय. अशी गिऱ्हाइकं असतात काही. मावशी म्हणतात, "यांची पाठ काही या जन्मी बरी व्हायची नाही." मावशींना बोलायला काय जातंय.

तुला तो 'माणूस उशी उलटी का करतो?' हा विषय भन्नाट वाटला, त्याबद्दल शाबासकी दिलीस. लोकांनीही भरभरून लिहिलं. बरेच जण म्हणाले गार बाजू हवी असते म्हणून. एका बाईने लिहिलं, ओली झालेली बाजू सकाळी कुणाला दिसू नये म्हणून. नंतर तिला मी खाजगीत लिहिलं, बाई, कधीही दुकानात ये, उशी घेतली नाहीस तरी चालेल. आली गं ती. तासभर बसली. जाताना हसत गेली.

तो विषय अगदीच माझा नव्हता. लोड भरता भरता बोलण्यातून निघाला एकदा. असो.

दुकान बरं चाललंय. लांबून लोक विचारत येतात, "त्या गोष्टी लिहिणाऱ्या उशीवाल्या बाई तुम्हीच का?" मी पदर सावरून "हो" म्हणते. बाकी विशेष काही नाही.

तुझी,
आतू

ता. क. चष्म्याचा नंबर तपासून आले. बदललेला नाही.


१९ जुलै

माझी ठमाबाई,

आशीर्वाद. हे पत्र मी आतापर्यंत बऱ्याचदा लिहायला घेतलं आणि प्रत्येक वेळी अभ्रे मोजायला उठले. आज मावशी सुट्टीवर आहेत, तुझा बाबा झोपलाय. आज लिहूनच टाकते.

तू हुशार आहेस. ता. क. वाचून तुला काय ते समजलं असेलच. चुका मी मुद्दाम करत होते.

हसू नकोस. म्हणजे हास, पण पुढचं वाच. आधीच्या चुका खऱ्याच होत्या, देवाशपथ. पण मग माझ्या लक्षात आलं की चूक झाली की ते छत्रीवाले लिहितात, आणि त्यांनी लिहिलं की माझा दिवस बरा जातो. 'दुकान'चा 'दु' दीर्घ काढायचा आणि गिऱ्हाइकाला गादी दाखवता दाखवता एक डोळा फोनवर. या वयात! शाळेत बाई ओरडायच्या तेव्हा रडायचे मी, आणि आता कुणी चूक काढावी म्हणून धडपडतेय.

तू ओरडलीस म्हणून मी एक पोस्ट नीट लिहिली. तीनतीनदा तपासून, एकही चूक नाही. खाली त्यांचं काही आलं नाही. पुढच्या पोस्टखालीही नाही. दुकानातही फिरकले नाहीत. मी उगाचच कापूस पिंजत बसले. मावशींनी मशीन थांबवलं आणि म्हणाल्या, "त्यांच्या लोडाचा अभ्रा तयार आहे. नेऊन द्या की." मी म्हटलं, त्यांनी अभ्रा सांगितलाच नव्हता. "मग मी काय हवेत शिवला?" म्हणाल्या आणि पिशवीच हातात दिली.

त्यांच्या घरचा जिना चढून गेले. एकच खोली, तीही पुस्तकांनी भरलेली. मधे एक अरुंद खाट आणि खाटेवर तापाने फणफणलेले गृहस्थ. टेबलावर आपला लोड नीट घडी घातलेल्या पंच्याखाली झाकून ठेवलेला, नवा कोरा. एकदाही पाठीला लावलेला दिसला नाही. मी बघितलं ते त्यांनी बघितलं.

मी चहा केला. कप त्यांच्या हातात देत म्हटलं, "दोन ओळी लिहायच्या होत्या की पेजवर. काळजी वाटते माणसाला." तर म्हणतात, "चूकच नव्हती हो. मग लिहिणार काय?" ठमे, मला रडूही आलं आणि हसूही आलं. मी म्हटलं, "चूक नसली तरी लिहिता येतं. बरं आहे, एवढं लिहिता येतं." त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "ती सवय राहिली नाही." बायको जाऊन बरीच वर्षं झालीत. मूलबाळ नाही.

बरे झाल्यावर दुकानात आले. आल्याबरोबर मावशींचा दोरा संपला आणि त्या आणायला बाहेर गेल्या. सगळ्या रंगांची रिळं समोर मांडलेली असताना! ते स्टुलावर बसले. छत्री या हातातून त्या हातात. मग म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं नीट केली. आता स्वतःचं एक बोलायचंय तर जुळत नाहीये."

"बोला," मी म्हटलं, "चुकलं तर मी सांगेन."

"उरलेले दिवस तुमच्यासोबत काढायला मला आवडेल."

माझ्या हातात उशी होती. तिची शिवण मी उगाच दोनदा चाचपून बघितली. मग म्हटलं, "यात मला काही चूक दिसत नाही."

झालं. सांगून टाकलं.

तुझ्या बाबाला मी जेवताना सांगितलं. त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. "या वयात? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "दादा, लोक गाद्या घ्यायला येतात, ते येतीलच." तेव्हापासून बोलत नाही. माझ्या ताटात भाजी वाढतो, पण बोलत नाही. रागावलाय कमी आणि घाबरलाय जास्त, एवढं मला कळतं. या घरात आम्ही दोघंच उरलोय गं.

आणि तुझं? तुझ्याबद्दल मला एक लिहायचंय. तुझी आई गेली तेव्हा तू एवढीशी होतीस, माझ्या हातावर डोकं ठेवल्याशिवाय झोपायची नाहीस. त्याच सुमाराला मला एक स्थळ आलं होतं, मी नको म्हटलं. नातेवाईक अजून म्हणतात, हिने भाचीसाठी त्याग केला. ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्याग कसला? मला तू हवी होतीस. त्या माणसापेक्षा तू मला कितीतरी जास्त आवडली होतीस. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगायची गरजच वाटली नाही. पण आता मी दुसऱ्या घरी निघाले तर तुला वाटायला नको की आतू इतकी वर्षं वाट बघत होती, सुटका व्हायची. तसं काही नव्हतं. एक दिवससुद्धा तसं नव्हतं.

तुला काय वाटतं ते कळव. लगेच नको. पण कळव.

तुझी आतूच, काही झालं तरी


३ ऑगस्ट

लाडके ठमे,

खूप खूप आशीर्वाद आणि एक पापा.

काल तुझा फोन आला आणि तू इकडचं तिकडचं काही न विचारता एकदम म्हणालीस, "आतू, एकच सांग. तुला ते आवडतात का?" तेव्हा तुझा बाबा माझ्या अगदी समोर उभा, हातात कापड मोजायची गजाची पट्टी. म्हणून मी म्हटलं, "हो का, माल संपलाय सध्या, पुढच्या आठवड्यात चौकशी करा." तू फोनवर किती हसलीस! मी मात्र ठेवल्यावर घामाघूम. मावशी म्हणाल्या, "गिऱ्हाईक लाडकं दिसतंय."

तर आधी तुझ्या बाबाची बातमी. रविवारी हा हत्यारांची पिशवी घेऊन बाहेर पडला. कुठे निघालास विचारलं तर उत्तर नाही. दुपार टळून गेली, पत्ता नाही. संध्याकाळी आला तो हाताला गंज, शर्टाला चुना. हातपाय धुतले, पाटावर नाही, खुर्चीवर नाही, सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "त्यांच्या मोरीतला नळ गळत होता. बदलला. खिडकीचा कोयंडा निखळलेला होता, तोही बसवला. तुला तिथे थंडी वाजली असती."

मी पीठ मळत होते. हात तसेच राहिले.

मग म्हणाला, "माणूस बरा आहे. हातोडी मात्र धरता येत नाही, दोनदा स्वतःच्या अंगठ्यावर मारली. आणि त्या पुस्तकांत तू राहणार कुठे? फळ्या ठोकाव्या लागतील. मी ठोकेन." एवढं बोलून त्याने मान फिरवली. तिकडे बघतच म्हणाला, "जेवायला मात्र दोघांनी इथे यायचं. मी एकट्यापुरता स्वयंपाक करणार नाही." मी म्हटलं, "दादा, तुला स्वयंपाक येतो कुठे?" तेव्हा कुठे हसला.

तर असं ठरलंय. कचेरीत जाऊन लग्नाच्या सह्या करायच्या, मावशी साक्षीदार. त्यांनी आतापासून सही गिरवायला घेतलीय. दुकान माझंच, रोज उघडणार. जिना चढायचा तेवढा वाढला.

तू म्हणालीस, हे पेजवर टाकू, लोकांना फार आवडेल, दुकानाचं नाव होईल. होईलही. त्या सगळ्यांचे मी आभार मानते, त्यांच्या झोपेच्या गोष्टींवर दुकान उभं राहिलं. पण हे नको टाकूस, राजा. गिऱ्हाइकांना द्यायला माझ्याकडे पुष्कळ गोष्टी आहेत. ही आपल्या घरातली राहू दे.

रजा मिळाली तर ये. नाही मिळाली तरी ये. तुझी खोली तशीच आहे. तिला हात लावायचा नाही, असं तुझ्या बाबाने मला आणि मी तुझ्या बाबाला बजावलंय.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. काल सगळ्यांसमोर तोंडून निघालं नाही. इथे एकटी आहे, दार लावलंय, म्हणून लिहिते.

हो गं. खूप आवडतात.

हे पहिलं तुलाच सांगणारी,
तुझी आतू