रस्ता सांगणारीला

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आणि तुमच्याकडे माझ्यासाठी तयार केलेल्या खोलीचा फोटो, दोन्ही पोचलं. भिंतींचा फिका पिवळा रंग सुरेख दिसतोय. खिडकीजवळचं टेबल माझं आणि कपाटातला खालचा कप्पा तुझ्या रजयांचा, ही वाटणीही कळली. भाऊजींना सांग, खोलीपासून बाथरूमच्या दारापर्यंत त्यांनी लावलेला कठडा फोटोत अगदी सरळ दिसतो. त्यांनी आयुष्यात ठोकलेली ही पहिली सरळ गोष्ट! एरवी त्यांच्या हातची प्रत्येक तसबीर आपण मान वाकडी करूनच पाहत आलोय.

इकडे सगळं ठीक. ऑफिस चालू आहे. डोळे आहेत तसेच आहेत.

हे शेवटचं वाक्य लिहून मी बराच वेळ थांबले. शब्दकोशाच्या कचेरीत इतकी वर्षं काढल्यावर खोटं वाक्य कागदावर राहिलं की हाताला खाज सुटते. पण खोडत नाही. खोडलं तर तू कागद उजेडात धरून वाचशीलच, मी तुला ओळखते. राहू दे ते तिथं. त्याच्याकडे परत येईन. आधी कामाचं लिहिते, कारण ते सोपं आहे.

आमचा इंग्रजी-मराठी कोश आता 'एन' या अक्षरावर आलाय. माझ्या वाट्याला एक क्रियापद आलं आहे, नॅव्हिगेट. जुन्या आवृत्तीत त्याचा अर्थ एका ओळीत उरकलाय: जहाज हाकणे. आता मला सांग, जहाज किती जणांच्या दारात उभं असतं? पण शब्द तर रोज कानावर पडतो. फोनमधली बाई रस्ता सांगते तेही हेच, वेबसाइटवर या पानावरून त्या पानावर जातो तेही हेच, गर्दीतून अंग चोरत पुढे सरकणं हेही, आणि अवघड माणसांमधून, अवघड दिवसांमधून कसंबसं पार पडणं हेही. मराठीत प्रत्येक ठिकाणी वेगळं काहीतरी म्हणावं लागतं. कुठे वाट काढणं, कुठे मार्गाला लागणं, कुठे निभावून नेणं.

आमच्या मुख्य संपादकांना आम्ही पाठीमागे कात्रीसाहेब म्हणतो, हे तुला ठाऊक आहे. त्यांचा नियम असा, की प्रत्येक अर्थाला एक उदाहरण हवं आणि ते कानांनी ऐकलेलं हवं. घरी बसून रचलेलं वाक्य ते लगेच ओळखतात. "हे कोण बोललं?" असं विचारतात, आणि आपण गप्प राहिलो की कात्री.

म्हणून गेले काही दिवस मी कान टवकारून हिंडतेय. बँकेतल्या रांगेत एक आजोबा त्यांच्या मुलाला फोनवर ओरडून सांगत होते, "अरे, तुझ्या त्या वेबसाइटवर मी सकाळपासून फिरतोय. जिथून निघतो तिथंच येतो. त्यापेक्षा बागेत फिरलो असतो तर गुडघे तरी सुटले असते." घेतलं. आमच्या जिन्यातून सोफा वर नेणारा हमाल मधल्या वळणावर टेकला आणि म्हणाला, "बाई, जत्रेतून वाट काढेन, पण तुमच्या जिन्यातून नाही." तेही घेतलं. आणि सगळ्यांत भारी आमची टायपिस्ट. तिची सासू आणि आई सध्या एकाच घरात आहेत. मी विचारलं, "कसं गं निभावतेस?" तर म्हणते, "दोघींच्या मधून अशी जाते, की दोघींनाही वाटतं मी त्यांच्याच बाजूनं गेले." कात्रीसाहेब मोठ्यानं हसले. एक अक्षरही कापलं नाही.

गाडी अडली ती एकाच अर्थावर. चालवणारा चालवतोय, आणि शेजारी बसलेलं माणूस नकाशा बघून कुठं वळायचं ते सांगतंय. कात्रीसाहेब म्हणाले, "वाट दाखवणे, लिहा आणि पुढे चला."

मी म्हटलं, "दाखवणे नाही, सर. सांगणे."

"काय मोठा फरक आहे?"

"दाखवणारा पुढे चालतो. किंवा हात धरून नेतो. हा माणूस शेजारी बसलेला असतो."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे कोण बोललं?"

"आमचे बाबा," मी म्हटलं. आणि मग ताई, भर ऑफिसात मी त्यांना आपल्या गाडीची सगळी गोष्ट सांगितली.

तुला सगळं आठवतंच, तरी लिहिते. मला लिहायचंय. बाबांची ती बंद टपाची गाडी, लोकांची कपाटं-टेबलं घरपोच करणारी. आईची हॉस्पिटलात ड्यूटी असायची, म्हणून सुट्टीच्या दिवशी आपण दोघी गाडीत. तू पुढे, मांडीवर तो मोठा नकाशा, घड्या पडून पडून मधोमध भोक पडलेला. मी मागे, कपाटांच्या मधे, घोंगड्यांवर. म्हणून तू 'पुढची' आणि मी 'मागची'. बाबा आपली नावं विसरले असते, ही नाही. "पुढची, आता?" असं ते विचारायचे आणि तू ताठ बसून सांगायचीस, "बेकरी संपली की डावीकडे." मला मागच्या चिमुकल्या खिडकीतून बेकरी दिसायची ती संपल्यावर.

आणि तो अरुंद बोळ. बाबांचं वळण चुकतंय असं वाटून तू सरळ स्टिअरिंग धरलंस. गाडी फाटकाच्या खांबाला घासली आणि माझ्या डोक्याजवळ कुणाच्या तरी कपाटाचा आरसा या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकला. मला वाटलं, आता तुझं काही खरं नाही. बाबा उतरले, खांब पाहिला, आरसा पाहिला, मला बाहेर काढून डोकं चाचपलं, परत येऊन बसले. म्हणाले, "पुढची, तुझं बरोबर होतं. वळायलाच हवं होतं. पण एका चाकाला दोघांचे हात लागले की गाडी कुणाचंच ऐकत नाही. तू सांग. ओरडून सांग. चाकाला हात लावू नकोस."

त्या दिवसापासून तू दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायला लागलीस. नकाशा सरकला तर हनुवटीनं धरायचीस.

कात्रीसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग स्वतःच्या हातानं लिहिलं: शेजारी बसून रस्ता सांगणे. खाली उदाहरण: 'बाबा गाडी चालवायचे आणि ताई रस्ता सांगायची.' तेव्हा अभिनंदन. तू कोशात गेलीस. भाऊजींना म्हणावं, आता घरात जरा जपून बोला.

डोळे दुखायला लागले. उरलेलं उद्या.

मंगळवार

उद्याचा परवा झाला. काल पेन हातात घेऊन बसले आणि त्याऐवजी फ्रिज पुसला. डायरीत लिहिलं, 'फ्रिज स्वच्छ. ताईला पत्र नाही.' रोज स्वतःची अशी झडती घेणारी बाई एक पत्र पुरं करायला घाबरते, याची मला लाज वाटली. म्हणून आज सकाळी, उजेड चांगला असताना, जाड पेनानं लिहितेय.

ताई, त्या वाक्याकडे येते. डोळे आहेत तसे नाहीत. मागच्या महिन्यात पुन्हा तपासलं. कडेचं दिसणं आणखी आवळलंय. मधलं शाबूत आहे, अक्षरं नीट लागतात, पण नळीतून बघावं तसं. संध्याकाळनंतर तर नळीच्या तोंडावर कुणी फडकं धरल्यासारखं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मधलं बरीच वर्षं टिकेल, कदाचित. त्यांच्या त्या 'कदाचित'बद्दल मला त्यांचा आदर वाटला. त्यांनी घडीची पांढरी काठी लिहून दिली. मी ती आणली. आठवडाभर पिशवीत ठेवली, आता हातात घेते.

ऑफिसात सांगितलं. मला वाटलं होतं, नोकरीचं आता बघायला लागणार. कात्रीसाहेबांनी विचारलं, "शब्द मधोमध दिसतो ना?" मी हो म्हटलं. "मग कडेला काय आहे ते मी बघत जाईन," एवढं म्हणून ते कापाकापीला लागले. दुसऱ्या दिवशी माझं टेबल खिडकीपाशी होतं.

तुला का नाही सांगितलं? खूप विचार केला. तू काळजी करशील म्हणून, हे पहिलं उत्तर, आणि ते दिसायला छान आहे. खरं उत्तर असं, की तुला कळलं असतं तर तू त्याच दिवशी मला न्यायला आली असतीस. आणि तू आलीस की मला नाही म्हणता येत नाही. लहानपणापासून नाही.

आता गेल्या महिन्यातलं. तू आलीस, तुझ्यासमोर मी त्या स्टुलाला अडखळले, नडगी सोलवटली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना तू एकटीनं सगळं सामान भिंतींना लावलंस. टेबल, खुर्च्या, पुस्तकांचं ते वजनदार कपाटसुद्धा. कमरेची काशी करून घेतलीस. निघताना फोनवर म्हणालीस, "मैदान करून ठेवलंय तुझ्यासाठी. पळ आता!" मी म्हटलं, छान.

त्या संध्याकाळी दार उघडून आत आले आणि सवयीनं हात पुढे केला. टेबलाचा कोपरा नव्हता. आणखी पुढे गेले. खुर्चीची पाठ नव्हती. वळले, आणि मग दार कुठल्या बाजूला राहिलं तेही कळेना. ताई, स्वतःच्या घरात, स्वतःच्या बैठकीच्या खोलीत मी हरवले. शेवटी खाली बसले आणि रांगत भिंत गाठली. मग तुला फोन केला, "पोचलीस का गं नीट?"

तुझं चुकलं असं म्हणत नाहीये. कुणालाही तसंच वाटलं असतं, की आंधळं होत चाललेल्या माणसाला मोकळी जागा हवी. मलाही त्या संध्याकाळपर्यंत ठाऊक नव्हतं, की मी टेबलाच्या कोपऱ्यावरून खुर्चीच्या पाठीवर आणि तिथून कपाटाच्या कडेवर जात स्वयंपाकघर गाठते. ते सामान हाच माझा नकाशा होता. मी सगळं परत जागच्या जागी आणलं. स्टूल तेवढं माळ्यावर टाकलं. स्टुलाबाबत तू शंभर टक्के बरोबर होतीस.

आता तुला कळलंच असेल मी कुठं पोचतेय. मी पिवळ्या खोलीत राहायला येत नाही. आत्ता नाही.

हे लिहिताना रडू येतंय आणि बरंही वाटतंय. तो रंग, तो कठडा, खिडकीकडचं टेबल. भाऊजींनी पातळी बघायचं ते यंत्र मुद्दाम विकत आणलं असणार, नाहीतर तो कठडा इतका सरळ यायचा नाही. इतकं कुणी कुणासाठी करतं? खोली रिकामी ठेवू नकोस. तुझं शिलाई मशीन तिथं ने, उजेड चांगला आहे. सुट्टीत मी येईन, कठडा धरून रुबाबात बाथरूमला जाईन. आणि एखाद्या दिवशी मीच फोन करून म्हणेन, ताई, आता ने. तेव्हा "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणायचा हक्क तुला आत्ताच लिहून देते.

पण आत्ता माझं मधलं शाबूत आहे. माझं टेबल खिडकीपाशी आहे. 'एन'नंतर 'ओ'ची पानं वाट बघताहेत. चाक अजून माझ्या हातात आहे, ताई.

आणि चालवता येतं, ते तुझ्यामुळेच. गेल्या वर्षी डोळ्यांच्या दवाखान्यातून आपण बाहेर पडलो तो दिवस तुला आठवतो का? डॉक्टरांनी नुकतंच सगळं सांगितलं होतं. थेंबांमुळे मला समोर नुसता पांढरा लोळ दिसत होता. मला वाटलं, आता तू माझा दंड धरणार. मी तयारीसुद्धा केली होती, आयुष्यभर असा दंड द्यायचा म्हणून. तू धरला नाहीस. माझ्या खांद्यामागून तुझा आवाज आला, "पुढे उतार आहे. संपला. आता कडा, पाय उचल. उजवीकडे सायकल." आणि मी चालले. फाटकापर्यंत, रस्त्यापर्यंत. त्या दिवशी मी रडले नाही, कारण तुझं ऐकण्यात गुंतले होते. तू तेव्हा हात कुठं ठेवले होतेस ते मला दिसलं नाही. पण अंदाज आहे.

त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले होते. सगळं पत्र त्यासाठीच लिहिलं, बाकीचं आपोआप आलं.

आता एक मागणं. ऑफिसचा नेहमीचा रस्ता पाइपांसाठी खणून ठेवलाय. नवी वाट भाजीबाजारातून जाते आणि ती मला अजून पाठ नाही. आठवडाभर ये. रोज सकाळी माझ्या शेजारून चाल. टोपल्या, पायऱ्या, उघडी झाकणं, जे दिसेल ते सांग. ओरडून सांग, बाजारात कुणाला ऐकू जायचं नाही. येताना मोठ्या खिशांचा तो निळा कोट आण, आणि हात त्यात घालून ठेव. मी धडपडले तरी काढू नकोस. अगदीच खड्ड्यात गेले तर काढ.

पहिल्या दिवशी दाराबाहेर पडल्यावर मी काय विचारणार, ते तुला ठाऊक आहे. उत्तर तयार ठेव.

पुढची, आता?

तुझ्या आवाजावर आजवर चालत आलेली,
तुझी
मागची