मामाच्या गाठी

बोनकोडे, ८ डिसेंबर २०२४

ती. स्व. हिरामणमामांना रुतिकाचा शि. सा. न.

तुमचा फोन खाडीत बुडाला म्हणून पत्र लिहावं लागतंय. निदान मासे तरी उचलतात का?

गॅदरिंगचं निवेदन मला मिळालंय. पण स्टेजला पायऱ्या आणि माझ्या खुर्चीला चाकं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, तू खालूनच बोल, नाहीतर उचलून ठेवू. मी काय गणपती आहे? त्यात यंदाचा विषय ‘सर्वांची शाळा’! मला वरूनच बोलायचंय, मामा. काहीतरी करा.

लोभ आहेच, तो फोनसारखा पाडू नका.

तुमची रुतिका

करावे, १२ डिसेंबर

चि. रुतिकास हिरामणमामाचे अ. उ. आ.

मासे फोन उचलत नाहीत, तुझ्या आईसारखेच.

आम्ही अख्खी होडी किनाऱ्यावर चढवतो, तुझ्या खुर्चीचं काय घेऊन बसलीस! गॅदरिंगच्या दिवशी पहाटे होडी सरकवायच्या फळ्या आणून पायऱ्यांवर पक्क्या बांधतो आणि भरती साधायला परत फिरतो. तुमचा शिपाई मारोती माझा दोस्त आहे, फाटक उघडेल. तू नटून जा.

लोभ असू दे, सुके बोंबील पाठवतोय.

मामा

बोनकोडे, २१ डिसेंबर

मामा, आधी शि. सा. न., मग भांडण.

फळ्यांना तेल कशाला चोळलंत? मी काय होडी आहे? बरं, पाहुणे सुधीरराव म्हणाले, आधी मी चढतो, फोटो काढा. दोन पावलं चढले आणि बसल्या बसल्या घसरत थेट माझ्या चाकांशी आले. लागलं काही नाही, पांढरी पँट तेवढी गेली. मग सगळे शिक्षक गाठी सोडायला बसले. तुमच्या गाठी कोणाच्या बापाला सुटेनात, दोरी शाळेच्या कात्रीला कापेना. वर जायला दुसरी वाटच नाही. शेवटी गॅदरिंग खाली मैदानात झालं, नाच, नाटक, सगळं माझ्याभोवती. मी धमाल केली.

आता बाई म्हणतात, सगळेच खाली आलो ना, मग स्टेजला उतार बांधायची गरजच काय? गॅदरिंगला सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून मीही हसत राहिले. घरी येऊन रडले. मला वर जायचं होतं.

गाठी सोडायला तुम्हाला बोलावणार आहेत.

रागावलेली, तरी तुमचीच,
रुतिका

करावे, २४ डिसेंबर

चि. रुतिकास अ. उ. आ.

तेल सवयीनं चोळलं गेलं. कान पकडतो.

आज शाळेत जाऊन आलो. बाईंनी चहा दिला, बिस्किटं दिली आणि गाठी सोडा म्हणाल्या. चहा संपवून मी म्हणालो, शेजारी सिमेंटचा उतार बांधा, आमची रुतिका त्यावरून वर गेली की लगेच सोडतो. कोयत्यानं दोरी कापता येते, हे मात्र बोललो नाही. गवंडी परवापासून येतोय.

तुझ्या चाकांना तेल मी येऊन घालतो. तिथे चालतं.

लोभ असाच बांधून ठेव.

तुझा मामा