पाटीवरचं नाव

पुणे, २१ डिसेंबर १९८७

प्रिय अनू,

बारशातल्या भांडणाला तीन वर्षं झाली, त्यानंतर माझं अक्षर तू पाहिलेलं नाहीस. घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फक्त माझा आवाज गेलाय. नाताळच्या गाण्यांच्या तालमीत ओरडून ओरडून घसा असा बसला, की डॉक्टरांनी तीन आठवडे मौन लिहून दिलं. शेजारच्या कुसुमताईंनी तुझ्या आईला लगेच विचारलं, हे औषध कायमचं मिळतं का हो?

तर तीस वर्षं चर्चचं गायनमंडळ चालवणारा तुझा बाप ऐन नाताळात मुका. माळ्यावरून चांदणी काढताना तुझी शाळेतली पाटी सापडली, तीच घेऊन फिरतो. घरात करंज्या, पडदे धुणं, गाणी म्हणत येणाऱ्यांच्या चहाची तयारी, नेहमीची धांदल. दरवर्षी मी सगळ्यांवर खेकसत असे, यंदा ते लिहावं लागतं. लिहून होईपर्यंत राग निघून जातो आणि निम्म्या वेळा मीच पुसून टाकतो.

काल उपासनेला शेवटच्या बाकावर बसलो. अनू, तीस वर्षं मी गाणं ऐकलंच नव्हतं गं, चुका ऐकत होतो. काल पेटी वाजवताना संपत दोनदा चुकला, बायका नेहमीसारख्या तालात मागे राहिल्या, आणि तरीही ते गाणं छतापर्यंत भरून आलं. माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता, पण त्या गाण्यात मी होतो. देव माझ्या हातवाऱ्यांसाठी थांबला नव्हता. इतकं शांत मला उभ्या आयुष्यात वाटलं नव्हतं.

मग पाळकसाहेबांनी बायबलमधला जखऱ्याचा उतारा वाचला. म्हातारपणी मूल होईल हे देवदूताचं सांगणं त्याने मानलं नाही म्हणून तो मुका झाला. सगळी मंडळी मागे वळून माझ्याकडे बघून हसली, मीही हसलो. पुढे बाळाचं नाव ठेवताना नातेवाईक अडून बसतात, या नावाचं आपल्या घराण्यात कुणीच नाही म्हणतात. तिथे माझं हसू थांबलं. मांजरी गावात, तुझ्या घरी, पाळण्याशेजारी उभा राहून मी हेच म्हणालो होतो. तुझ्या सासूबाईंचं, श्रीनिवासरावांच्या आईचं नाव ठेवलंत आणि माझ्या आईचं राहिलं, एवढंच माझं दुखणं. त्यापायी नातीला मी 'पोर' म्हणत राहिलो. नावाने हाक मारणार असाल तरच आम्ही येऊ, असं तू म्हणालीस आणि आली नाहीस. बरोबर केलंस.

जखऱ्याने पाटी मागवून बाळाचं नाव लिहिलं आणि त्याची वाचा मोकळी झाली. घरी येऊन मी तुझी पाटी ओल्या फडक्याने पुसली आणि लिहिलं: हिचं नाव श्यामला आहे. तुझ्या आईने वाचलं. तेव्हापासून ती मला पाटी पुसू देत नाही, म्हणून आता सगळं कागदावर लिहावं लागतं. माझं मौन पंचवीस तारखेला सकाळी संपतं. पहिला शब्द कोणता काढायचा ते ठरलंय. तो ऐकायला ती समोर हवी. तिला घेऊन ये.

तुझाच, आणखी चार दिवसांचा मुका,
बाबा