तळहाताआडची भुतं

मी, खाली सही करणारी, धंद्याने शिंपीण, वयाने सत्तरीपार, गुडघे सोडून बाकी सगळं शाबूत असताना आणि कोणीही मानगुटीवर बसलेलं नसताना, माझ्या पश्चात माझ्या वस्तूंचं काय करायचं ते लिहून ठेवते. यापूर्वी असं काही लिहिलेलं नाही. सवड कुठे होती!

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीला.

२. दुकानातला कपडे चढवायचा पुतळाही तिलाच. मात्र त्याचं तोंड भिंतीकडेच असावं. ऐंशीच्या दशकात एक भयपट आला होता, त्यात असेच पुतळे मान वळवून बघत. तेव्हापासून मी याच्याकडे पाठ करून एक काज केलेलं नाही. याला मुळात डोकंच नाही, हे मला कळतं. तरीही.

३. व्हिडिओ प्लेअर आणि त्या काळातल्या भयपटांच्या कॅसेट्स मुलीला. इथे खुलासा करणं भाग आहे. आमचे हे घड्याळं दुरुस्त करत. सुट्टीच्या दुपारी आम्ही पडदे ओढून भुतं बघायचो. संगीत बदललं की हे माझ्या डोळ्यांवर तळहात ठेवायचे. "तू बघू नकोस, मी सांगतो." आणि सांगायचे, "विहिरीतून बाई आली... केस पिळले... गेली बिचारी." मी तो हात कधीच बाजूला केला नाही.

हे गेल्यावर मुलीने कॅसेट्स लावून दिल्या आणि मी पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी पाहिलं. अगं बाई! ती केसबीस काही पिळत नाही. सरळ घरच्या जावयाला ओढून आत नेते! (शिवाय तीनशे वर्षं जुन्या त्या भुताच्या झग्याला पाठीमागे चेन आहे. कोणी शिवला, देव जाणे.) यांनी सांगितलेलं एकाही सिनेमात जुळेना. मी घाबरू नये म्हणून हे थापा मारत होते, की यांनीच काही पाहिलं नव्हतं? यांना विचारायचं राहून गेलं, याचं फार वाईट वाटतं. डोळे मिटण्याआधी एवढं कळावं.

४. हे सांगू शकेल असं एकच माणूस उरलंय, माझ्या मोठ्या जाऊबाई. त्या आमच्या शेजारीच बसत, पापणी न लववता बघत, वर शेवट आधीच सांगून मजा घालवत. वाटण्या झाल्या तेव्हा सासूबाईंचं शिलाई मशीन मी आणलं, म्हणून त्यांनी माझ्या घराची पायरी चढणं सोडलं. शिवत मी होते, त्या फक्त त्याच्यावर फुलदाणी ठेवत, हे इथे नोंदवून ठेवते. ते मशीन त्यांच्या मुलीला द्यावं. खुद्द जाऊबाईंना देता येत नाही, कारण वकीलबाई म्हणतात साक्षीदाराच्या नावे काही लिहू नये, आणि मला साक्षीदार त्याच हव्या आहेत. त्याशिवाय त्या यायच्या नाहीत.

५. जाऊबाई आल्या. वकीलबाईंनी इथवर वाचून दाखवलं. पुढचं बोलणं माझ्या सांगण्यावरून जसंच्या तसं उतरवलं आहे.

"भावजी कसले बघतायत!" जाऊबाई म्हणाल्या. "त्यांचे डोळे तुझ्याआधी मिटलेले असायचे. त्या गोंगाटात तुला ऐकू यायचं नाही. मला पायाने ढोसून हळूच विचारायचे, 'वहिनी, काय करतेय ती? गेली का?' मी 'गेली' म्हटलं की तुझ्या डोळ्यांवरचा हात काढायचे."

"मग केस पिळले, ते?"

"ते मी सांगायचे. घाबरट होते गं फार. खरं कसं सांगणार?"

६. शिलाई मशीन आजच जाऊबाईंच्या घरी पोचवावं. माझ्या मरणाची वाट पाहू नये. कलम चार रद्द समजावं, फुलदाणीसकट.

ठिकाण: माझं स्वयंपाकघर
दिनांक: पाच मार्च, सुट्टीची दुपार

सही: शिंपीण

साक्षीदार: शेजारचे दातांचे डॉक्टर

साक्षीदार: मोठी जाऊ. सगळं समक्ष पाहिलं. तेव्हाही, आजही.