दुसऱ्यांच्या मुलांना शिकवणारी माणसं

अण्णा, परवा व्हरमाँटच्या एका डोंगरावर मला तुमचा भयंकर राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता रागावून काय मिळणार हे मलाही कळतं, पण आला. तुम्ही जिला फक्त पाळण्यात पाहिलंत ती तुमची नात आता इथे फिजिकल थेरपिस्ट आहे, आणि शनिवार-रविवार रिसॉर्टवर लहान मुलांना स्कीइंग शिकवते. मी न्यू जर्सीहून तिच्याकडे आले ती एकच हट्ट धरून, की आता मला शिकव. दर वर्षी ती "नेक्स्ट विंटर, आई" म्हणते आणि हिवाळा संपतो. या वेळीही पोचेपर्यंत एप्रिल उजाडलाच. बर्फाची पार रया गेलेली. सकाळी तो इतका कडक की स्की त्याच्यावरून खरखरत जातात, आणि ऊन चढलं की नुसता रबरबाट. दोन्ही बाजूंना पिवळं गवत वर आलेलं, मधे एक मळकट पट्टा तेवढा उरलेला. "नॉट टुडे, आई," ती म्हणाली. "या स्लशमध्ये स्की अडकते. युअर नीज कान्ट टेक इट." आणि आपलं जॅकेट आणि पाण्याची बाटली माझ्या हातात देऊन गेली.

मी बाकावर बसले. समोर ती वाकून, उलटी सरकत, गुलाबी हेल्मेटवाल्या एका चिमुरडीचे दोन्ही हात धरून तिला खाली आणत होती. स्कींची पुढची टोकं जुळवून पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार केला की वेग कमी होतो, म्हणून "पिझ्झा, पिझ्झा" असा गजर चाललेला. पोर पडली की माझी लेक हसायची, तिच्या पाठीवरचा बर्फ झटकायची, पुन्हा उभी करायची. माझी साठी जवळ आली, आणि मी एका दुधाचे दात पडलेल्या मुलीवर जळत होते. नुसती जळत नव्हते, ती पुन्हा पडावी असंही वाटत होतं.

कारण असंच मला तुम्हीही बसवलंयत. उन्हाळ्याची सुट्टी, सकाळची वेळ, अख्खी आळी तुमच्यामागून मळ्यातल्या विहिरीकडे निघालेली, पाठीला बांधायचे रिकामे डबे खडखडतायत. शेजारची ती रडकी मुलगी पाण्याला घाबरते. तुम्ही तिच्या पोटाखाली हात धरता आणि म्हणता, "मार हात, मी आहे." मी काठावर सगळ्यांचे टॉवेल सांभाळते. "तुझे कान वाहतात, तुला पुढच्या वर्षी." पुढे कान वाहायचे थांबले, पण ते पुढचं वर्ष काही आलं नाही. एकदा मी पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात गेले तर सगळ्यांदेखत ओरडलात, "आधी वर हो." ती मुलगी पोहायला लागली त्या दिवशी तुम्ही तिला खांद्यावर बसवून घरी आणलंत, आणि मागून तिच्या चपला घेऊन मी आले. तिच्या चपला, अण्णा.

या वेळी मात्र मी उठले. जॅकेट बाकावर ठेवलं, भाड्याचे बूट आणि स्की चढवल्या आणि नवशिक्यांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिले. शिकवणारा एक दाढीवाला तरुण होता. माझ्या शेजारी एमएस करणारी दोन पुण्याची मुलं. एक दुसऱ्याला म्हणाला, "यार, हा बर्फ आहे की गोळा? नुसतं सरबत घालायचं राहिलंय." मग मला बघून, "काकू, आधी तुम्ही जा, आम्ही बघून शिकतो." मी पडले, उठले, पुन्हा पडले. गुडघ्यांना काही झालं नाही. मग एकदा न पडता खाली आले आणि आपली आपण थांबले.

समोर लेक उभी. तिचा क्लास संपला होता. "हू टॉट यू दॅट?"

मी दाढीवाल्याकडे बोट दाखवलं.

"तू माझी वाट नाही बघितलीस?" एरवी तिला मराठी सुचत नाही.

"किती वर्षं बघायची?"

तिनं गॉगल कपाळावर सरकवला. मग म्हणाली, "दुसऱ्यांची मुलं पडली तर मी हसते, आई. तू पडलीस तर आय विल फ्रीक आउट." तेव्हा तुमचंही थोडं कळलं. पण कळलं म्हणून जळणं थांबतं असं नाही. थांबलं ते पुढच्या वाक्याला. त्या दाढीवाल्याकडे एक जळजळीत नजर टाकून ती म्हणाली, "ही टॉट यू ऑल राँग. कम." आणि वाकून, उलटी होऊन, तिनं दोन्ही हात पुढे केले.

हे पत्र कुठे जायचं नाही. टेबलावर पडून राहिलं तरी हरकत नाही, तिला मराठी वाचता येत नाही. आणि तिला कळायला नकोच, कारण त्या दाढीवाल्यानं मला सगळं अगदी बरोबर शिकवलं होतं. मी विसरल्याचं सोंग केलं. पाय वेडेवाकडे टाकले, एकदा तर मुद्दाम तिच्या अंगावर गेले, आणि ती "पिझ्झा, आई, पिझ्झा" करत उतारावर नेणारी लिफ्ट बंद होईपर्यंत माझे हात धरून उलटी सरकत राहिली. तुम्हाला एवढ्यासाठीच सांगतेय, की ही युक्ती मला फार उशिरा सुचली. खालच्या आळीतले मास्तरही पोहायला शिकवायचे. त्यांच्याकडे मी एक दिवस जरी गेले असते, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही मला स्वतः पाण्यात उतरवलं असतंत.