वेळेआधी कापलेली जाळी

एल्डन फोर्क, इंडियाना
सोमवार, मार्च

तीर्थरूप लुसिलवन्सं यांना मार्गोचा वाकून नमस्कार.

तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? बागेत छाटणी सुरू झाली असेल, पण दुखऱ्या गुडघ्याने शिडीवर चढू नका. शिडीवर चढलं की तुमच्या घराण्याचं काय होतं, तेच कळवायला हे पत्र लिहिते आहे. इकडे सगळं खुशाल, म्हणजे मी खुशाल. आपले बंधुराज तळघरात बसून एकाच सामन्याची शेवटची दोन मिनिटं पुन्हा पुन्हा बघत आहेत. जेवायला हाक मारली तर 'चेंडू आत गेला होता' एवढंच उत्तर येतं.

वन्सं, बास्केटबॉलचे कोच म्हणून वेंडेलनी आजवर सहा कॉलेजं पालथी घातली. (पालथी हा शब्द मी विचार करून वापरला आहे.) दर गावात पहिल्या दिवशी वार्ताहरांसमोर मला शेजारी उभं करून ते सांगतात, की हे आमचं कायमचं घर. त्या दिवशी मला कॉलेजच्या रंगाचा कोट घालावा लागतो. माझ्या कपाटात आता जांभळा, नारिंगी, पोपटी आणि मोहरीच्या रंगाचाही कोट आहे, आणि मला त्यातला एकही शोभत नाही. खेळाडू मिळवायला हे उंच मुलांच्या आयांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतात, त्यांच्या केकची तोंडभरून स्तुती करतात आणि त्यांचे वाढदिवस लक्षात ठेवतात. माझा वाढदिवस ऐन हंगामात येतो, हा माझाच दोष.

या धंद्यात नोकरी जाण्याचीही एक रीत आहे. 'निघा' असं कोणी म्हणत नाही. क्रीडाविभागाचे प्रमुख रेडिओवर सांगतात, की कोचवर आमचा पूर्ण विश्वास आहे. तो विश्वास कानावर पडला की मी सामानाची खोकी वर आणते. फेब्रुवारीत इथल्या प्रुइटसाहेबांनी विश्वास जाहीर केला आणि आपले बंधुराज शीळ घालत घरी आले. मी खोक्यांना हात लावला तर म्हणाले, "तू फार वाईट विचार करतेस." दुसऱ्याच दिवशी साहेबांनी बोलावून सांगितलं, लीगची स्पर्धा जिंकलीत तर राहा, नाहीतर बघू. (बघू म्हणजे खोकी.)

मला मात्र या खेपेस खरंच राहायचं होतं. मागच्या कुठल्याच गावात मी साधा पुदिनाही जमिनीत लावला नाही, सगळं कुंडीत. इथे आल्यावर तुम्ही दिलेलं सफरचंदाचं रोप धीर करून अंगणात लावलं. ते आता माझ्या खांद्याच्या वर गेलं आहे, आणि या वसंतात पहिल्यांदा फुलेल असं तुम्हीच म्हणाला होता. म्हणून मी जन्मात पहिल्यांदा देवाला बास्केटबॉलसाठी साकडं घातलं. (हे चर्चमधल्या कोणाला सांगू नका.)

आता शनिवारचं ऐका. जिंकलेल्या संघाने शिडीवर चढून बास्केटची जाळी कापायची, शेवटचा धागा कोचने कापायचा आणि जाळी गळ्यात घालायची, हे तुम्हाला ठाऊकच आहे. वेंडेलच्या गळ्यात ती कधी पडली नाही. तरी मामंजींच्या बागेतली तीन पायांची शिडी ते दर स्पर्धेला बसच्या पोटात घालून नेतात, आणि कोटाच्या आतल्या खिशात कात्री. अंतिम सामना बरोबरीत होता. आपल्या संघातल्या डॅरेलने अगदी शेवटी फेकलेला चेंडू आत गेला, भोंगा वाजला, लोक मैदानात धावले. चेंडू वेळेत सुटला होता का, हे पंच पडद्यावर तपासत होते. शहाणा माणूस पंच वळेपर्यंत थांबतो. आपले बंधुराज शिडीवर होते. एकेक धागा पोरांनी कापायचा असतो, यांनी एकट्यानेच सगळी जाळी उतरवली (माझ्या शिवणाच्या कात्रीने, जिने मी त्यांना कधी कागदही कापू दिला नाही), गळ्यात घातली आणि वरूनच मला हात केला. तेवढ्यात पंचांनी निकाल दिला. भोंगा आधी, चेंडू नंतर. गुण नाहीत. पाच मिनिटं जादा खेळ, आणि एका बास्केटला जाळीच नाही.

पंच म्हणाले, "कोच, उतरू नका. वर आलाच आहात, तर नवी बांधूनच या." सगळी माणसं हसत असताना यांनी ती बांधली. मग सामना खोळंबवला म्हणून समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळाले, ते दोन्ही त्याच नव्या जाळीतून आत गेले, आणि शेवटी आपण एका गुणाने हरलो. तोवर जुनी जाळी यांच्या गळ्यातच होती. पेपरात फोटोही तसाच आला आहे. किराणा दुकानातल्या व्हर्नाने माझी अंडी पिशवीत ठेवताना विचारलं, "काय मार्गोबाई, कोच घरी आले, की अजून वरच आहेत?"

परतताना वेंडेलनी विचारलं, "मार्गो, चेंडू आत गेला होता ना?"

म्हटलं, "गेला होता. उशिरा गेला."

यांच्या सगळ्या कारकिर्दीबद्दल मला याहून जास्त काही म्हणायचं नाही.

तर वन्सं, माझा निश्चय झाला आहे. मी इथून हलणार नाही. तुम्ही या, आपल्या भावाला घेऊन जा, बागेत सफरचंदांच्या पेट्या भरायला बसवा, आणि ती शिडीही न्या. मी आणि झाड इथे राहू. हरणं कोवळे शेंडे खातात म्हणून ती जाळी मी झाडाला गुंडाळली आहे. कोणाच्या तरी गळ्यात ती शोभली.

तुमची,
मार्गो

ता. क. आज सकाळी प्रुइटसाहेबांनी विश्वास काढून घेतला. वेंडेलना उत्तर डकोटातल्या एका कॉलेजात सहायक कोचची जागा मिळते आहे. 'तुम्ही एकटे जा' असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "बरं. पण कपबश्या तू बांधून दे, माझ्याकडून फुटतात."

ता. क. २ एक लिहायचं राहिलं. सामन्यानंतर वार्ताहर डॅरेलला विचारत होते, की चेंडू सोडायला उशीर का केलास. वेंडेल मध्ये पडून म्हणाले, "त्याला काय विचारता? शिडीवर तो नव्हता, मी होतो." माझा राग क्षणभर जातो की काय असं वाटलं, पण मी स्वतःला सावरलं.

ता. क. ३ एवढं झाड मुळांसकट काढायचं तर केवढा घेर खणावा लागतो? कळ्या फुटायच्या आत तुमचा ट्रक घेऊन या. वेंडेलनी विचारलं तर खोकी न्यायला आले म्हणून सांगा. उत्तर डकोटाची थंडी त्याला सोसेल ना? (झाडाला.) आणि शिडी न्या असं वर लिहिलं आहे, ते राहू द्या. झाड मोठं झालं की लागेल. कात्री मात्र आता माझ्या पर्समध्ये असते.