उंबऱ्याबाहेरचा चहा

माय, तुझ्या हातचा चहा सगळ्या वस्तीनं प्यायला, पण अंगणातच. कुणी आलं की तू खुर्ची बाहेर टाकायचीस. "आत या" हे दोन शब्द काही तुझ्या तोंडून निघायचे नाहीत. आपण दिंडोरीला मामाच्या आसऱ्याला आलो तेव्हा शेजारणी म्हणायच्या, "लय तोरा हाय बाईला, उंबऱ्याच्या आत घेत नाय." मामी तर सरळ विचारायची, घरात काय सोनं पुरलंय का? मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दिवेलागणीला बाकीच्या आया पोरांना हाका मारून घरात घ्यायच्या. मी मुद्दाम बाहेर रेंगाळायचे, तुझी हाक येते का बघत. यायची नाही. अंधार पडला की तूच बाहेर येऊन माझ्याशेजारी बसायचीस.

तुझी शेवटची हाक मी ऐकली होती ना. तिकडे गावाकडे, भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी. घरात आपण तिघंच. धाकटा भाऊ अंगणात निजायचा हट्ट धरून बसलेला. तू वैतागून ओरडलीस, "दव पडतंय, आत ये मुकाट!" तो पाय आपटत आला. पहाटे ते दगडमातीचं घर आपल्यावर बसलं. लोकांनी उकरून काढलं तेव्हा जिवंत निघालो त्या आपण दोघीच.

मामा तुला नाशिकला डॉक्टरांकडे घेऊन गेला, मीही होते. त्यांनी विचारलं, "झोप येते का?" तू म्हणालीस, "येती की. म्याच घेत न्हाई." त्यांनी गोळ्या दिल्या. मामी म्हणाली, रिकामं डोकं आहे, बागेत कामाला लावा. तू द्राक्षाच्या छाटणीला जायला लागलीस, कामात कधी मागे राहिली नाहीस. पण तू हसलेली मला आठवत नाही. मला वाटायचं, जो गेला त्याचीच तू आई, मी आपली उरलेली. फार राग यायचा गं तुझा.

आता मी नाशिकला इंदिरानगरात राहते, चौथ्या मजल्यावर. परवा लेक गॅलरीत अभ्यास करत होती. गार वारा सुटला, पोर शिंकायला लागली. नवरा म्हणाला, "अगं, आत बोलाव तिला." मी दारापर्यंत गेले, तोंड उघडलं आणि तिथंच थांबले. मग शाल घेऊन बाहेर जाऊन बसले. "आई, तू कशाला गारठ्यात बसलीस?" तिनं विचारलं. मी अर्धी शाल तिच्या अंगावर टाकली.

तू तर गेलीस, आता हे पाठवायचं तरी कुठं? एवढंच सांगते माय, लेक इतकी मोठी झाली, पण मी तिला कधीच आत बोलावलेलं नाही. दर वेळी मीच बाहेर जाते.